काउंटरच्या काचेखालचे तीन फोटो

ओमानच्या सिनेमात मी चार वेळा दिसलो आहे आणि चारही वेळा दुकानदार झालो आहे. त्यातल्या एकात तर नुसते माझे हातच आहेत, दोर मापणारे. इथल्या पडद्यावर आमच्यासारख्या हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला दोनच कामं: वस्तू काढून देणं, नाहीतर वस्तू उचलून नेणं. मी देणाऱ्यांतला. तक्रार करायला जागा नाही, कारण खऱ्या आयुष्यातही मी तेच करत आलो. मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, समुद्राच्या अंगाला, दोर, जाळी, गळ, रंगाचे डबे आणि टॉर्च विकणारं एक दुकान आहे. सिंधुदुर्गातल्या गावातून निघालो तो सरळ त्या काउंटरमागे येऊन उभा राहिलो आणि अजून तिथेच आहे.

पाचवा सिनेमा मोठा होता, पूर्ण लांबीचा. तो पुरा झाला नाही, आणि तो माझ्यामुळे पुरा झाला नाही. उस्ताद तसं कधीच म्हणाला नाही. पण उस्ताद भला माणूस आहे, त्याच्या न म्हणण्याला काय अर्थ?

उस्ताद म्हणजे दिग्दर्शक. सरकारी शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळं सूक त्याला उस्ताद म्हणायचं आणि मीही तेच म्हणतो. एका लघुपटासाठी त्याला आमचं दुकान हवं होतं. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, शुक्रवारी सकाळी दुकान बंदच असतं, तेव्हा घे, पण मालाला हात लावायचा नाही. शूटिंगच्या दिवशी दुकानदाराचं काम करणारा नट मस्कतहून आलाच नाही. उस्तादाने फोन ठेवला, कपाळाला हात लावला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम खडा रहो," तो म्हणाला. "जैसा रोज खडा रहता है."

माझं अभिनयाचं शिक्षण एवढंच.

या देशाच्या सिनेमाचा इतिहास मला त्याच्याच तोंडून कळला, आणि तो सांगून व्हायला एक चहा पुरायचा. त्याच्या बापाच्या पिढीने भिंतीवर, कापडावर आमचेच हिंदी पिक्चर पाहिले. त्याच्या पिढीने इजिप्तच्या मालिका पाहिल्या. आता मॉलमधल्या थिएटरात अमेरिकेचे लागतात, मुंबईचे लागतात, केरळचे तर पहिल्या दिवशी लागतात. ओमानचा पाहायचा तर एखाद्या महोत्सवात, दिग्दर्शकाच्या मावसभावांच्या रांगेत बसून. शिकायला शाळा नाही, पैसे घालणारा कुणी नाही. जो तो एक लघुपट करतो, एक ट्रॉफी घरी नेतो आणि मग तेल कंपन्यांसाठी हेल्मेट कसं घालावं याच्या फिल्मा बनवायला लागतो. मोठे सिनेमे बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्याने एक केला तो असा दमला की पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

"एक पूरा पिक्चर, सदीक," उस्ताद म्हणायचा. सदीक म्हणजे मित्र. "कल को कोई लिस्ट बनाएगा, हमारे मुल्क का सब पिक्चर. उसमें मेरा एक होना मंगता. बस."

मला आधी हसू यायचं. यादीत नाव लागावं म्हणून एवढी उस्तवार? पण शुक्रवारमागून शुक्रवार तो पहाटेच्या नमाजानंतर लगेच दुकानाबाहेर हजर असायचा, बायकोशी भांडून घेतलेला कॅमेरा पोटाशी धरून, आणि हळूहळू त्याचं ते वेड मलाही चिकटलं. लागण झाल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या पाचव्या, मोठ्या सिनेमाची गोष्ट साधी होती. एक म्हातारा कोळी रोज दुकानात येतो, कारण गावातला एकमेव फोन तिथे आहे. परदेशी गेलेल्या मुलाचा फोन आला का, एवढंच विचारतो. दुकानदार रोज सांगतो, उद्या येईल, इन्शाल्ला. खरं तर मुलाचा फोन केव्हाच येऊन गेलेला असतो, मी परत येणार नाही म्हणून सांगायला. दुकानदाराने ते दाबून ठेवलेलं असतं. शेवटी दुकानदार कायमचा आपल्या देशी निघतो, आणि त्या दिवशी त्याला म्हाताऱ्याला खरं सांगावंच लागतं.

म्हणजे मला या सिनेमात मोजून एक खरं वाक्य होतं. "तो येणार नाही, बाबा." एवढंच, अरबीत. ते मी जाळी मोजताना, भात शिजवताना, आंघोळ करताना म्हणायचो.

म्हाताऱ्याचं काम उस्तादाच्या सख्ख्या मामाने केलं. किनाऱ्यावरच्या बरका गावचा खराखुरा कोळी, जन्मात कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नाही. त्याला हे सगळं पोरखेळ वाटायचं, पण भाच्याचं मन मोडायचं नाही म्हणून यायचा. त्याची एकच अट होती. बोलताना तो माझ्या तोंडाकडेच बघणार. मी समोर नसलो की थेट कॅमेऱ्यात बघून विचारायचा, "तो हिंदी कुठे गेला?"

शूटिंग फक्त शुक्रवारी सकाळी आणि तेही थंडीच्या महिन्यांत, कारण एसी बंद केल्याशिवाय आवाज नीट येत नसे. त्यामुळे थोड्याच दिवसांची गोष्ट टिपायला दोन हिवाळे गेले. आता दोन हिवाळे माणूस एकसारखा कसा दिसणार? यासाठी उस्तादाने माझे तीन फोटो काढून काउंटरच्या काचेखाली सरकवले होते: समोरून, डावीकडून, उजवीकडून. दर दुसऱ्या गुरुवारी मी ते घेऊन समोरच्या केरळी न्हाव्याकडे जायचो. तो फोटो आरशाला टेकवायचा आणि तेवढंच कापायचा. माझी मिशी ओठाच्या कडेपासून किती खाली यावी हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शूटिंगमध्ये कंटिन्युइटी म्हणतात ती हीच. आमच्या खोलीतली मंडळी चिडवायची, "हिरो, मिशी सांभाळ!" गावी मात्र मी यातलं अवाक्षर बोललो नव्हतो. दादा, माझा मोठा भाऊ, हसला असता. आखातात पोट भरायला गेला की नाचायला, असं चारचौघांत विचारलं असतं. त्या एका हसण्याच्या भीतीने मी गप्प बसलो आणि तिथेच सगळं फसलं.

दुसऱ्या हिवाळ्यात, शेवटच्या प्रसंगाचा अर्धा भाग तेवढा राहिला असताना, गावी माझे बाबा गेले.

मी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दहाव्या दिवशी नदीवर न्हावी येऊन बसला. आधी दादा बसला. त्याचे केस, मिशी उतरून झाल्यावर त्याने मला खूण केली. आणि बापाच्या दहाव्याला, माणसाला काय आठवावं, तर मला काचेखालचे ते तीन फोटो आठवले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पटकन जाऊन न्हाव्यापुढे मान खाली घातली. एक शब्द बोललो असतो तर? 'दादा, तिकडे असं असं काम घेतलंय, मिशी तेवढी ठेवू दे.' तो चिडला असता, पण कदाचित ऐकलंही असतं. पण ज्या गोष्टीबद्दल कधी बोललोच नव्हतो, ती नेमकी त्या दिवशी कुठल्या तोंडाने काढणार? वस्तरा फिरला आणि काम झालं.

पुढच्या शुक्रवारी मी दुकानाचं शटर वर केलं आणि उस्ताद कॅमेरा पोटाशी धरून नुसता उभा राहिला. फोनवर त्याने माझं सांत्वन केलं होतं, सुट्टी वाढव म्हणाला होता, पण आमच्यात असं काही करतात हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. त्याचा चेहरा पडला. मग मी कसल्या दिवसांतून आलोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने घाईने मला मिठी मारली. "माफी, सदीक, माफी," तोच म्हणत राहिला. चूक माझी आणि माफी तो मागत होता.

मामाला गाडीतून उतरवून आणलं. त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखलं नाही, पुन्हा बघितलं. मग विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, बाप. त्याने आपला खरखरीत तळवा माझ्या तुळतुळीत डोक्यावर ठेवला आणि "अल्ला यरहमू" म्हणाला. देव त्याच्यावर दया करो. मग स्टुलावर बसून तो आपल्या बापाबद्दल बोलायला लागला, जो समुद्रातून परतला नव्हता. तासभर बोलला. त्याचा तो चेहरा, उस्ताद नंतर म्हणाला, त्याला सिनेमाच्या शेवटी हवा होता तोच होता. पण कॅमेरा चालू करायचं त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याने केला नसता.

मग उपाय झाले. दुबईहून केसांचा टोप आणला, चिकटवायची मिशी आणली. एसी बंद केल्यावर पाच मिनिटांत डिंक सुटला आणि मिशी माझ्या ओठांवर उतरली. मामा ठसका लागेपर्यंत हसला. टोपी घालून पाहिली. पण प्रसंगाचा पहिला अर्धा भाग आधीच टिपलेला होता. वाक्य उघड्या डोक्याने सुरू करून टोपी घालून संपवणारा दुकानदार कुठे असतो? "बाल आएगा," उस्ताद म्हणाला. "बाल का क्या है. दो महिना, तीन महिना."

केस आले, मिशीही आली. तोवर मे महिना आला होता. एसी बंद करून त्या उकाड्यात ऐंशीच्या घरातल्या माणसाला उभं करणं म्हणजे जीव घेणंच. थंडीपर्यंत थांबायचं ठरलं. सप्टेंबरात मामाला अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मी बरक्याला भेटायला गेलो तेव्हा तो माझ्या मिशीकडे बघून एका डोळ्याने हसला. हिवाळा सुरू होता होता तो गेला. अजाच्या, म्हणजे दुखवट्याच्या, बैठकीत मी पुरुषांच्या रांगेत बसून कॉफी प्यायलो. कुणी विचारलं, हा कोण, तर उस्ताद म्हणाला, आमच्या घरचा आहे.

त्यानंतर त्याने कॅमेरा बाहेर काढला नाही. पुढे शाळाही सोडली आणि बौशरमधल्या एका ऑफिसात लागला. हेल्मेटच्या फिल्मा. ईदला फोन यायचा, मग तोही कमी झाला.

मी मात्र मिशी तशीच ठेवली. हसण्यासारखंच आहे, हसा. वर्षांमागून वर्षं, दर दुसऱ्या गुरुवारी, तेच तीन फोटो, तोच केरळी न्हावी. केस पांढरे व्हायला लागले तसे काळे करून घेतले. न्हाव्याने एकदाच विचारलं, "पिक्चर अभी तक चलता है क्या?" मी म्हटलं, चालू आहे. मामाच गेल्यावर शेवट कसा होणार, हे मलाही कळत होतं. पण माझ्या बाजूने तरी काही बिघडू नये, एवढाच हट्ट होता. एकदा बिघडवून बसलो होतो ना.

गेल्या वर्षी एक मुलगी दुकानात आली. विद्यापीठात शिकणारी, ओमानी, हातात टॅब. ओमानच्या सिनेमाचा इतिहास लिहीत होती. म्हणजे शेवटी ती यादी करणारं माणूस आलं होतं! माझ्या चारही भूमिका तिला पाठ होत्या, हातवालीसुद्धा. मी तिला पाचव्याबद्दल सांगितलं. तिने बोट थांबवलं. "तो पूर्ण झाला का? अपूर्ण मी घेऊ शकत नाही," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, शेवट कसाही जोडला आणि एकदा कुठे दाखवला तरी चालेल, आमच्याच सभागृहात दाखवू.

ती गेल्यावर माझं डोकं भराभर चालायला लागलं. मामाचे चेहरे तर कितीतरी टिपलेले आहेत. त्यातला एखादा गप्प बसलेला चेहरा शेवटी लावायचा. राहिलं काय? माझं एक वाक्य. ते म्हणणारा मी इथे आहे, तीच मिशी, तेच काउंटर. एका शुक्रवारचं काम! मी उस्तादाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाला, "इन्शाल्ला, सदीक. देखेंगे. ठंडी आने दो. इन्शाल्ला."

या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे आवाजावरून कळतं. गिऱ्हाइकांना मी स्वतः दिवसातून दहा वेळा तो दुसरा म्हणतो. त्या दिवशी मात्र मला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

थंडी आली आणि आई गेली.

या वेळी दहाव्याला मी नदीवर न्हाव्यापुढे बसलो नाही. नखं काढली, आंघोळ केली, पण केसांना आणि मिशीला हात लावू दिला नाही. सगळं भावकीचं गाव बघत होतं.

"बापाशीक उतरवलंस आणि आवशीक नाय?" दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली.

या वेळी मी बोललो. सगळं सांगितलं, उस्ताद, मामा, यादी, एक वाक्य. नदीच्या काठावर, डोकं तुळतुळीत केलेल्या भावासमोर उभं राहून मी सिनेमाबद्दल बोलत होतो. ज्या दिवशी बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलो आणि नको तेव्हा तोंड उघडलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"आवशीपेक्षा मिशी मोठी झाली तुका," एवढं म्हणून तो पाण्यात उतरला. तेराव्यापर्यंत बोलला नाही. मी निघालो तेव्हा गोठ्यात होता, बाहेर आला नाही.

सीबला परतलो त्याच आठवड्यात उस्ताद दुकानात आला, भेटायला. कुणाकडून तरी त्याला आईचं कळलं होतं. दाढी पांढरी झालेली, अंगाने सुटलेला. दारातून आत येताना त्याची नजर आधी माझ्या डोक्यावर गेली. आमची रीत तो जन्मात विसरणार नव्हता.

"काटा नहीं?" त्याने विचारलं.

मी काचेखालून तीन फोटो काढून त्याच्यासमोर ठेवले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. रंग उडाले होते, पण मिशी जुळत होती. "ठंडी आ गई, उस्ताद," मी म्हटलं. "कब करेंगे?"

तो मामाच्या स्टुलावर बसला. फोटो हातात घेतले, पुन्हा खाली ठेवले. मग सांगितलं. ज्या डिस्कवर सगळं टिपलेलं होतं ती उघडतच नव्हती, खूप दिवसांपासून. दुरुस्तीची दुकानं पालथी घातली, दुबईला पाठवून पाहिली. एकही फ्रेम निघाली नाही. त्याची दुसरी प्रत ठेवायला हवी होती, ठेवली नव्हती. मी फोन केला तेव्हा हे त्याला ठाऊक होतं.

"तुम इतना खुश था फोन पे," तो म्हणाला. "मैं कैसे बोलता? मैं सोचा, थोडा दिन में भूल जाएगा. खलास, सदीक. कुछ नहीं है."

मला राग आला का? आला. एवढा आला की हातातली मापपट्टी फेकावीशी वाटली. पण कुणावर फेकणार? रोज इन्शाल्ला म्हणून खरं दाबून ठेवणाऱ्या माणसाचं काम मी दोन हिवाळे केलं होतं. त्याचं वागणं मला नवीन नव्हतं. आईची आठवण आली आणि मी काउंटरवर डोकं ठेवून रडलो. एक बाई टॉर्च घ्यायला आली होती, ती परत गेली.

थोड्या वेळाने उस्तादाने माझा दंड धरला. "यल्ला, चलो," म्हणाला, आणि मला समोर न्हाव्याकडे घेऊन गेला. न्हाव्याने सवयीने हात पुढे केला, फोटोसाठी. मी म्हटलं, फोटो नाहीत, सगळं काढ. मिशीपण. त्याने उस्तादाकडे पाहिलं, उस्तादाने मान हलवली. मशीन फिरताना उस्ताद शेजारच्या खुर्चीत बसून होता आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

दहाव्याचं दहाव्यालाच करायचं असतं. मागाहून केलेलं पोचत नाही, हे मला माहीत आहे.

झाल्यावर मी त्याच्या हातात माझा मोबाईल दिला. त्याने जुन्या सवयीने तीन फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. त्यातला समोरचा मी दादाला पाठवला. त्याने तो लगेच पाहिला, दोन निळ्या खुणा आल्या. त्याला आता चार महिने होऊन गेले. माझे केस परत वाढले आहेत, मिशी मी येऊ दिलेली नाही, आणि दादाचं उत्तर अजून आलेलं नाही.